तात्यांचं कपाट आडवं झालं

"गव्हाण उंच बांधली की वासरू उपाशी राहतं."

सत्यशीलाबाईंचं हे वाक्य शाळेत इतकं मुरलं होतं, की त्यांनी तोंड उघडायच्या आत काकासाहेब सर ते मनातल्या मनात म्हणून घ्यायचे. फळा उंच टांगलेला दिसला, की हेच. पाण्याच्या टाकीचा नळ उंच बसवला, तरी हेच. बाईंचं माहेर शेवगावकडचं, कोरडवाहू रानातलं. वडिलांनी गुरं वाढवली आणि गुरांबरोबर बाईही वाढल्या. पुढं डी.एड. झाल्या, मास्तरीण झाल्या. पण शिकवण्याची निम्मी अक्कल आपण गोठ्यातून आणली, हे त्या चारचौघांत ताठ मानेनं सांगायच्या.

घोडेगावच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत, त्यांची शाळा. वर्ग चौथीपर्यंत, शिक्षक दोनच, बाई आणि काकासाहेब सर. शाळेला वाचनालय होतं. म्हणजे एक खोली होती, खोलीत लोखंडी कपाट होतं आणि कपाटाला कुलूप होतं. कपाटाच्या दारांवर पिवळ्या रंगात ठसठशीत नाव, 'कै. गोरक्षनाथ तात्या यांच्या स्मरणार्थ'. तात्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या मुलानं, सूर्यभाननं, गावजेवण न घालता हे कपाट आणि आतली पुस्तकं शाळेला दिली होती. गावानं त्याची पाठ थोपटली आणि त्याला शाळा समितीचा अध्यक्ष केलं. तेव्हापासून पंधरा ऑगस्टला कपाट उघडायचं, धूळ झटकायची, परत कुलूप. पुस्तकं कोरी राहिली, आणि पोरंही.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी पदर खोचला. काकासाहेब सर म्हणाले, आधी अध्यक्षांना विचारा. बाई म्हणाल्या, विचारलं तर नाही म्हणतील, दाखवलं तर हो म्हणतील. सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

वेल्डिंगवाल्याला बोलावून बाईंनी कपाटाची दारं काढली आणि कपाट पाठीवर आडवं निजवलं. कप्प्यांत पुस्तकं उभी लावली. झाली गव्हाण! पहिलीतलं पोरगंसुद्धा वाकून हवं ते पुस्तक ओढू लागलं. टोमॅटोच्या क्रेटना जुन्या बेअरिंगची चाकं लागली. सकाळी ते क्रेट एका रांगेत आले, की खोलीचं दुकान व्हायचं. तराजू टांगायचा, ज्वारी नि हरभरा मोजायचा. दुपारी क्रेट भिंतीकडं ढकलले, बैलांची जुनी झूल अंथरली, की तिथंच गोष्टीची बैठक. शनिवारी दुकानाच्या जोडीला पान्हे, तारा आणि खोलून बघायला बंद पडलेला रेडिओ. रेश्मा नावाची तिसरीतली पोर होती. आईबाप कोपरगावकडं ऊसतोडीला, ही आजीजवळ. तिनं पुस्तकात पवनचक्की बघितली आणि पत्र्याची एक केली. ती फिरेना, म्हणून परत पुस्तक उघडलं. फिरली, तसं तिनं पुस्तकाच्याच पाठीवर थाप मारली, शाब्बास म्हणून.

राहिली होती ती दारं. बाईंनी ती विटांवर ठेवून बुटकं टेबल केलं, आणि तात्यांचं नाव सगळ्यांना दिसावं म्हणून ती बाजू वर केली. चूक झाली ती इथं. टेबल म्हणून केलेल्या गोष्टीवर पोरं बसायला लागली.

कुणीतरी ही बातमी सूर्यभानच्या कानावर घातलीच. शुक्रवारचा जनावरांचा बाजार उरकून शनिवारी सकाळी तो रिकामा टेम्पो घेऊन शाळेत आला. दारात चप्पल काढली आणि जागीच थांबला. रेश्मा मांडी घालून बसली होती, बरोबर 'तात्या' या अक्षरांवर.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आमच्या तात्याच्या नावावर पाय?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या माहेरी म्हाताऱ्या माणसाची काठीसुद्धा कुणी ओलांडत नसे. त्यांनी रेश्माला उठवलं, पदरानं नाव पुसलं आणि चूक कबूल केली. पण सूर्यभान ठरवूनच आला होता. कपाट, दारं, पुस्तकं, सगळं घरी न्यायचं. घरात तरी तात्याचा मान राहील. बाई खोलीभर नजर फिरवून बघत होत्या. हे गेलं, की उरणार काय? चार भिंती आणि एक तराजू.

"दादा, मला गावासमोर बोला, मी ऐकून घेईन," त्या म्हणाल्या. "पण पुस्तकं नेऊ नका. पोरांनी आत्ता कुठं तोंड घातलंय."

सूर्यभान कपाट उचलायला वाकला, तेवढ्यात टेम्पोच्या केबिनमधून त्याची आई उतरली. बनुबाई, तात्यांची बायको. नवऱ्याच्या कपाटाचं काय केलंय, ते बघायला ती मुद्दाम आली होती. आत येऊन तिनं एका क्रेटला पायानं ढोसलं. क्रेट घरंगळत गेला, तशी म्हातारी खुदकन हसली. मग दारावर काय लिहिलंय म्हणून विचारलं. रेश्मानं वाचून दाखवलं. बनुबाईनं ऐकलं, लुगडं सावरलं आणि थेट त्या नावावर बसली.

"आये, ऊठ तितनं."

"का उठू? ह्यांच्या पाठीवर गावची पोरं बसायची, आन् तू तर उतरायचाच न्हाईस. घोडा घोडा करून गुडघं गेलं त्यांचं. तवा न्हाई गेली इज्जत, ती आता जातीय व्हय?"

पोरं खुसखुसली. काकासाहेब सर खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखे बघू लागले. सूर्यभान कपाटाची कड धरून तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला. नाव पायाखाली नको, एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. शेवटी त्यानंच तोड काढली. कपाट इथंच राहू द्यायचं, त्याच्या दारावरचं नाव पुसायचं आणि पेंटर आणून खोलीच्या चौकटीवर लिहायचं, खर्च त्याचा.

"बारीक लिव्ह," बनुबाई म्हणाली. "वर बघत पळत्याल पोरं, आन् उंबऱ्याला ठेचकाळत्याल."

बाई खाली बघत हसल्या.

शनिवारची शाळा दुपारी सुटली. सूर्यभाननं आईला चल म्हटलं, तर तिला रेश्माच्या दुकानातून ज्वारी घ्यायची होती आणि भाव पटत नव्हता. शाळेला कुलूप सर लावणार होते. सूर्यभान बाईंना म्हणाला, टेम्पो रिकामाच हाय, घोडेगावपर्यंत सोडतो. बाई म्हणाल्या, नको दादा, आज चालावंसं वाटतंय. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, निळी छत्री उघडली आणि उन्हातून रस्त्याला लागल्या.

सकाळी कपाट न्यायला आलेला सूर्यभान रिकाम्याच टेम्पोला टेकून आईची वाट बघत उभा राहिला. बाभळीच्या वळणापाशी बाईंची छत्री दिसेनाशी झाली, तरी तो तिकडंच बघत होता.