नाताळची दाढी आणि राहिलेले आभार

मित्रहो, आज नाताळ. बल्लारपूरच्या आमच्या चर्चमध्ये कृतज्ञतेवर बोलायचा मान माझा होता.

वापरून फेकायच्या प्लास्टिक रेझरविरुद्ध मी वर्षभर बोलत आलो. ते मनावर घेऊन बायकोने चंद्रपुरात दुकानं पालथी घातली आणि नाताळची भेट म्हणून दाढीचा ब्रश, साबणाची वडी आणि ब्लेड घालायचा जुन्या पद्धतीचा रेझर आणला.

सकाळी तो पहिल्यांदा गालावर फिरवला. सवयीने जोर दिला आणि गाल कापला. मी तिच्यावरच खेकसलो, "तुले कोनं सांगतलं होतं हे आणाले?"

तिने रक्त थांबवायला तुरटीचा खडा तेवढा आणून दिला.

चर्चच्या दारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "काऊन भाऊ, मांजरीसंग भांडून आले का?"

मी मात्र जोरात बोललो. समोर क्रूसावरचं मरण दिसत असतानाही शेवटच्या जेवणाच्या वेळी प्रभूने भाकर हाती घेऊन आधी आभार मानले, सगळं सुरळीत असताना मानलेले आभार कसले, असं गरजून सांगितलं. लोक आमेन म्हणाले.

मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून आपले आभार सांगू लागला. बायको उठली आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, "आज यायच्या गालाले लागलं, पण जखम मोठी नाई झाली. देवाचे उपकार."

माझी मान वर होईना.

आता ती आत भांडी घासते आहे. तिला मी अजून एक शब्द बोललेलो नाही, आणि तुम्हाला मात्र सगळं सांगून बसलो. घरच्या माणसाचे आभार मानताना तुमचीही जीभ अशीच जड होते का?