काचेतले आप्पा

परवा शाळेत मधल्या सुट्टीत फोन बघितला. मंचरला मी चित्रकला शिकवते, वर्गात फोन पर्समध्ये सायलेंटवर असतो. उघडून बघते तर माहेरच्या लोकांचे मिस्ड कॉल... आणि माझ्या दहावीच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलेलं, 'आप्पांना भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली हात जोडलेल्यांची रांग.

आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून पिंपळवंडीला मळ्यात एकटेच राहतात. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून त्यांची सारखी काळजी लागून असते.

त्यांना फोन लावला. नुसती रिंग... पुन्हा लावला, तेच. ज्यांचे मिस्ड कॉल होते त्यांना लावायचा मात्र धीर होईना. कुणी 'हो' म्हणालं असतं तर?

हेडमॅडमना कसंबसं सांगितलं आणि नारायणगावच्या जीपमध्ये बसले. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे जीप रांगत होती आणि डोक्यात नको ते सगळं... मोटर चालू करायला गेले असतील, छातीत कळ आली असेल, हाकेला कुणी नसेल. उसात बिबट्या असतो, तेही आठवलं.

नारायणगावला उतरून पिंपळवंडीची गाडी धरायची होती. वाटेत साड्यांचं दुकान लागतं. आमच्याकडे गॅलरी कुठली, म्हणून आम्ही काही चित्रकारांनी बाजारपेठेतल्या दुकानांच्या काचेत आपापली चित्रं लावलीत. त्या दुकानात माझं चित्र होतं, आप्पांचं मोठं पोर्ट्रेट. आदल्या संध्याकाळीच लावून आले होते.

काचेसमोर माणसं थांबलेली. आमच्या पिंपळवंडीचे दोघं तर चपला काढून उभे. आणि आत आप्पांच्या चित्राला ताज्या शेवंतीचा हार, खाली उदबत्ती... मी तिथेच पायरीवर बसले. म्हणजे खरंच झालं होतं.

दुकानदार काका पाणी घेऊन आले. ते घोडेगावकडचे, आप्पांना कधी पाहिलेलं नाही. हळूच म्हणाले, "ताई, चित्र लई जिवंत काढलंय तुमी. सकाळी देवाला हार घातला, म्हनलं ह्यांचा फोटो मोकळा कसा ठिवायचा. कधी वारले वडील?"

कधी वारले, हे ते मला विचारत होते... म्हणजे त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडे घरातल्या माणसाचं एवढं मोठं चित्र तो गेल्यावरच लावतात, म्हणून त्यांनी आपल्या मनाने, मायेने हार घातला. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिला आणि बातमी गावभर झाली.

तरी जीव थाऱ्यावर येईना. मग आप्पा फोन का उचलत नव्हते? शेजारच्या मळ्यातल्या वहिनींना फोन केला, त्या तशाच शेताकडे पळाल्या. मला नुसती त्यांची धाप ऐकू येत होती... आणि मग आप्पांचा आवाज. "काय गं, शाळा नाय का आज? दिवसाची लाईट हाय, कांद्याला पाणी भरतोय. फोन घरी चार्जिंगला ठिवलाय."

मी भर बाजारात रडले. काकांनी काचेमागे शिरून हार काढला. मला त्यांचा राग नाही आला.

संध्याकाळी आप्पा स्वतः चित्र बघायला आले. "हार कशाला काढला? कोन कोन भेटाया येतं ते तरी कळलं असतं," म्हणाले. सगळे हसले, मला हसू येईना.

कारण काकांचं फारसं चुकलं नव्हतं. आप्पांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात मी ते चित्र काढायला घेतलं होतं... त्यांचा चेहरा आपल्याकडे राहावा म्हणून. तेही एका जुन्या फोटोवरून, गेलेल्या माणसाचं काढतात तसं. समोर बसवून इतका वेळ त्यांच्याकडे बघायचीच मला भीती वाटत होती.

भीती अजून आहे. पण आप्पाही आहेत... या रविवारी त्यांना ओट्यावर समोर बसवून नवं चित्र सुरू करतेय.