कोरडी होण्याआधी

लग्न झालं तेव्हा मी सातवी पास होते. माहेर वाटूरजवळ, सासर आष्टीच्या पुढं. जालना जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून परभणी जिल्हाच म्हणायची.

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. पण माझे दिवस भरत आले तेव्हा कापूस वेचणीला आला होता. सासू म्हणाली, "एवढी येचणी होऊ दे, मंग जाय." वेचणी संपायच्या आत कळा सुरू झाल्या. गावातल्या सुईणीला येत होतं ते सगळं तिनं केलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. शेवटी बैलगाडीत घालून मला आष्टीला नेलं, तेव्हा मला माणसं ओळखू येत नव्हती. मुलगा होता म्हणे. मी त्याला पाहिलं नाही. तो आतच गेला होता, आणि मी शुद्धीवर येईपर्यंत त्याला पुरूनही झालं होतं.

त्याच्यासाठी धड रडायलाही मिळालं नाही, कारण दुसरंच काही सुरू झालं. अंगाखालची गोधडी सारखी भिजू लागली. आधी वाटलं, अशक्तपणा असेल. पण लघवी थांबेचना. उठता-बसता, जेवताना, झोपेत ती नुसती झिरपत राहायची, मला कळायचंसुद्धा नाही. सासूनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या दिल्या. एक धुवून वाळत घालावी तोवर दुसरी चिंब. मांड्यांची कातडी सोलून निघाली. वासाला तर काहीच इलाज नव्हता. घरात येणारं माणूस आधी नाक मुरडायचं, मग माझ्याकडं बघायचं.

नवरा वाईट नव्हता, असं मी पुष्कळ दिवस म्हणत राहिले. तो शेवटचं बोलला तेही तोंड फिरवूनच. "जरा माहेरी राहा. बरी झाली की घ्यायला येतो."

आई न्यायला आली तेव्हा सासू तिला उंबऱ्यातच म्हणाली, "पोरगी नासकी दिली तुम्ही."

आष्टीहून आम्ही जीपमध्ये बसलो. मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, खूप कपडे बांधले होते. तरी थोड्याच वेळात सीट ओली झाली. शेजारची बाई अंग चोरू लागली, मग बोलू लागली. ड्रायव्हरनं जीप उभी केली आणि माझ्याकडं न बघता आईला म्हणाला, "उतरा मावशी. बाकीचे लोक बोंबलून राह्यले." उरलेली वाट आम्ही उन्हातून चाललो. आई माझ्या पुढं होती. ती रडत होती हे तिच्या पाठीवरून दिसत होतं.

माहेरी मला कडबा ठेवायच्या खोलीत जागा मिळाली. वहिनी वाईट बोलायची नाही, पण ताट दारात ठेवून निघून जायची. देवघरात मला जाता येत नव्हतं. बायकांचा विटाळ चार दिवसांत फिटतो, माझा फिटणाराच नव्हता. आईनं नवस केले, अंगारे आणले, एका बाबाकडं नेलं. तो म्हणाला, मागच्या जन्मीचं पाप आहे. मला ते पटलं. निदान कारण तरी मिळालं.

मग नवऱ्यानं दुसरी केल्याची बातमी आली. वडील ती सांगायला दारापर्यंत आले आणि बाहेर उभे राहूनच बोलले. त्यानंतर मी कितीदा तरी विहिरीच्या काठावर जाऊन बसले. उडी मारायची हिंमत नव्हती, आणि उठून घरी यावं असंही काही घरी नव्हतं. अंधार पडायला लागला की आई शोधत यायची आणि हात धरून न्यायची. तिनं कधी विचारलं नाही, मी तिथं काय करते. तिला ठाऊक होतं.

वाटूरच्या फाट्यावर तेव्हा जालन्याच्या एका मिशन दवाखान्याची गाडी अधूनमधून यायची. आईनं तिथल्या सिस्टरला गाठलं आणि बरोबरच घेऊन आली. धिप्पाड बाई, आवाज करडा. ती आली आणि सरळ माझ्या बाजेवर बसायला लागली.

"तिथं नका बसू," मी म्हणाले, "ओलं हाये."

"ओलं वाळतं," असं म्हणून ती बसली. मग तिनं सगळं विचारलं, सगळं तपासलं. नाकाला पदर लावला नाही. "यात पाप-बिप काही नाही," ती आईला म्हणाली. "बाळ आत फार वेळ अडकलं, त्यानं लघवीच्या पिशवीला छिद्र पडलं. ते शिवता येतं. पुष्कळदा जमतं. कधी कधी नाही जमत, तेही आत्ताच सांगते."

जालन्याच्या त्या दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. पुष्कळ दिवस नळी लावून पाठीवर पडून होते. आमच्या वॉर्डात एक म्हातारी आया होती, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. सकाळी झाडलोट झाली की ती मधोमध उभी राहून डोळे मिटायची आणि येशूशी बोलायची, जसं कुणी अंगणात बसलेल्या थोरल्या भावाशी बोलतं. एकेका बाईचं दुखणं त्याला सांगायची. माझं नाव आलं की मी भिंतीकडं तोंड करायची. इतक्या देवांनी ऐकलं नाही, त्यात आणखी एकाची भर कशाला?

नळी काढली त्या दिवशी मी कोरडी होते. दिवसभर सारखा हात लावून बघत होते. संध्याकाळी चहा मागून घेतला. कितीतरी महिन्यांनी मी पोटभर काहीतरी प्यायले होते.

सकाळी जाग आली ती मांडीला लागलेल्या उबेनं. मला ती ऊब ओळखता येत होती. मी हललेच नाही. हललं नाही तर खरं ठरणार नाही, असं काहीतरी मनात होतं. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बघितलं, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "टाके सुटले. काही महिने थांबू आणि पुन्हा करू." त्या पुढं गेल्या. मावशी चादर बदलायला आली आणि माझा सगळा राग तिच्यावर फुटला.

"तुमचा देव मोठा ऐकणारा ना? रोज नाव घेऊन सांगता त्याला. मंग दिसत न्हाई का मी त्याला? का त्याला बी वास येतो?"

मावशी चादर हातात घेऊन तशीच खाली टेकली. मला वाटलं, आता समजावणार. मी तयारच होते.

"मला न्हाई माहीत माय," ती म्हणाली. "माझे दोन लेकरं गेले तवा मी बी हेच इचारलं. अजून उत्तर न्हाई भेटलं."

थोड्या वेळानं तिनं एका बाईची गोष्ट सांगितली. त्या बाईचं रक्त वर्षानुवर्षं जात होतं. कुणी शिवत नव्हतं, वैद्य करून थकली होती. येशू गर्दीतून चालला असताना तिनं चोरून मागून त्याच्या कपड्याला हात लावला आणि ती बरी झाली.

"मंग मी बी बरी होईल म्हणता?"

"ते न्हाई सांगून राह्यले. पुढचं ऐक. ती गुपचूप चालली व्हती, तर त्यानं सगळ्या लोकांसमोर तिला थांबवलं. ती भ्यायली. वाटलं, आता बोलणार, इटाळ केला म्हणून. तर त्यानं तिला 'लेकी' म्हणलं. सगळ्यांसमोर."

मी हसायला गेले आणि रडू फुटलं. बाळ गेलं तेव्हाचं, जीपमधलं, विहिरीवरचं, सगळं एकदम बाहेर आलं. मावशीनं मला धरलं. तिचा कपडा ओला होत होता, ती बाजूला झाली नाही. त्या रडण्यात केव्हातरी छातीतलं काहीतरी सुटलं. आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मी तशीच ओली होते, नवरा दुसरीजवळ होता, बाळ मातीत होतं. पण मी टाकलेली आहे, हे मला त्या घडीपासून खरं वाटेना. दुपारी मी झोपले, आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा झोपून उठल्यावर मरावंसं वाटलं नाही.

तशीच घरी परत गेले. पुढचे महिने सोपे नव्हते. काही दिवस ती शांती अशी निघून जायची, जणू कधी नव्हतीच. तेव्हा मी कडब्यावर बसून मावशीसारखं बोलायची. "आज न्हाई सहन होत. इथं येऊन बस." आईनं एकदा ऐकलं.

"कोणासंग बोलून राह्यली?"

मी सांगितलं. तिनं दाराबाहेर कुणी आहे का बघितलं. मग म्हणाली, "बोल. पण बापाच्या कानावर नको जाऊ देऊ."

दुसरं ऑपरेशन जमलं. यावेळी मी हात लावून बघितलं नाही. नळी निघाल्यावर दिवस गेले, आठवडा गेला, चादर कोरडीच राहिली. दवाखान्यानं मला स्वयंपाकघरात कामाला ठेवलं. वर्षभरानं मी बाप्तिस्मा घेतला. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी निरोप धाडला, "आधी सासरनं टाकली, आता तिनं आम्हाला टाकलं." तो निरोप मला नवऱ्याच्या बातमीपेक्षा जास्त लागला. आई मात्र एकदा चर्चमध्ये एकटी आली, पदर डोक्यावर घेऊन शेवटच्या बाकावर बसली आणि कुणाशी न बोलता परत गेली.

वडील काही वर्षं बोलले नाहीत. आई वारली तेव्हा मी गावी गेले, लोकांच्या मागं उभी राहिले. दिवसकार्य झाल्यावर मी निघाले तेव्हा वडील ओसरीत बसले होते. फार म्हातारे दिसत होते. त्यांनी मला हातानं बोलावलं.

"तू म्हणे तुझ्या येशूसंग साध्या मराठीत बोलती?"

"हो दादा."

"समजतं त्याला?"

"समजतं."

ते जमिनीकडं बघत राहिले. "मंग माझं बी सांग जरा," ते म्हणाले. "मला आता घर खायला उठतं."

मी तिथंच त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सांगायला लागले.