दाराखालची पाटी

तोंडात टाचण्या धरूनही माणसाचा पाणउतारा करता येतो, हे मी टाचणीबाईकडे पाहून शिकलो. आमच्या नाटक कंपनीचे कपडे ती शिवायची. ओठांत कायम सात-आठ टाचण्या, त्यामुळे बोलणं 'हं' आणि 'अंहं' एवढंच. पण ती 'अंहं' म्हणाली की दिग्दर्शकसुद्धा स्वतःच्या सदऱ्याची बटणं चाचपायचा. आणि टाचण्या तोंडातून काढून ती टाचण्यांच्या उशीला टोचू लागली, की शहाण्याने विंगेत पळावं.

मी राजांच्या भूमिका करायचो. एकदा प्रवेशाआधी शेल्याचा एक धागा लोंबताना दिसला, तो मी राजेशाही थाटात ओढला. काठ उसवत गेला आणि भर दरबारात, तिसऱ्याच वाक्याला, अर्धा शेला पायांत! प्रेक्षक खो खो हसले. मध्यंतरात बाईने टाचण्या काढल्या.

"लोंबता धागा कापायचा असतो, महाराज. ओढतो तो गाढव."

पुढे कंपनी बुडाली, माझं राज्य खालसा झालं. आता राजे छातीला माइक चिकटवून कुजबुजतात आणि त्याला अभिनय म्हणतात. चालू द्या. माझं 'महाराज'पण उरलं ते एकट्या तिच्या तोंडी, तेही टोमण्यासारखं.

सत्तरी ओलांडल्यावर ती भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला लागली. एक खिडकी, एक शिवणयंत्र आणि आमच्या नाट्यगृहाचं मोडीत काढलेलं दार दोन पेट्यांवर टाकून केलेलं टेबल. एका डोळ्याची नजर काचबिंदूने गेलेली, दुसऱ्याची जात आलेली. दिसेनासं व्हायच्या आत तिला एक मोठं काम पुरं करायचं होतं. ती ज्या प्रार्थनागृहात जाऊन शेवटच्या बाकावर गप्प बसायची, तिथल्या कोऱ्या भिंतीवर लावायला एक गोधडी. तिथल्या समितीने होकार दिला आणि तिने कंपनीच्या जुन्या कपड्यांच्या पेट्या उघडल्या. माझ्या राजवस्त्राची मखमल हवी म्हणाली. मी घरून अख्खा अंगरखाच आणून दिला. खांद्यावर कसरीने खाल्लेला, पण दिला.

नक्षी साधी होती. काळ्या, करड्या, तपकिरी ठिगळांचं एक बंद होत आलेलं दार आणि चार बोटांची फट. त्या फटीत पिवळ्या रंगाच्या पन्नास तरी छटा. कोण्या राणीचा पदर, कोण्या विदूषकाची टोपी, सगळं त्या चार बोटांत. खाली कापसाचा थर, त्याखाली अस्तर आणि तिन्ही थरांतून आरपार जाणारा बारीक धावदोरा.

तिची भावजय दारात उभी राहून रोज म्हणायची, "वन्सं, डोळ्यांच्या खाचा होईपर्यंत शिवणार का?"

"अंहं."

"मग कधीपर्यंत?"

"हं."

काम निम्मं झालं असेल, तेव्हा समितीचे अध्यक्ष पाहायला आले. टाइल्सचं दुकान. हसताना आपण उपकार करतोय अशी खात्री असलेला माणूस. या कामाला त्यांनी दिलं काय, तर भिंतीत ठोकायला दोन खिळे. त्यातला एक वाकडा.

"गोधडी म्हणू नका हो बाई, भित्तिपट म्हणा. भारदस्त वाटतं. आणि दार असं का? उघडं दाखवा की सताड! प्रकाश कसा भसाभस आला पाहिजे!"

बाईने एकेक टाचणी काढून उशीला टोचली. मी खुर्ची मागे सरकवली.

"सताड उघड्या दारातून गुरंसुद्धा आत जातात," ती म्हणाली. "किलकिलं दार माणसाला ढकलावं लागतं."

अध्यक्षांना हे कळलं नाही. त्यांना न कळणाऱ्या गोष्टींवर ते मान डोलवतात, तशी डोलवली. "बरं, दार राहू दे तुमच्या मनासारखं. पण खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव येऊ द्या. 'यांच्या सौजन्याने.' नाहीतर भिंत द्यायची की नाही, समितीला पुन्हा विचार करावा लागेल."

ते गेल्यावर ती बराच वेळ फटीवरून बोट फिरवत राहिली. "महाराज, दाराखाली नाव लावलं की ती पाटी होते. मग ते दार त्याच्या घराचं. माझी अर्धी नजर गेली ती याच्या घराला दार बसवायला?"

"मग नाही म्हण."

"भिंत जाईल."

तिने पट्टी शिवली. सोनेरी अक्षरं, ठसठशीत, माझ्या अधू डोळ्यांनाही दिसतील अशी. पट्टी जोडताना मात्र ती धाग्याला मेण चोळत होती आणि टाके बोटभर लांब टाकत होती. शेवटी धाग्याचं टोक तसंच लोंबत राहिलं.

"टोक कापायचं राहिलं," मी म्हणालो.

"अंहं," ती म्हणाली.

भित्तिपट लावला त्या सकाळी प्रार्थनागृह भरलं होतं. अध्यक्षांनी पाऊण तास नम्रतेवर भाषण केलं. पडदा सरकला. लोक दाराकडे बघत राहिले, अध्यक्ष नावाकडे. आणि त्यांना धागा दिसला. आपल्या नावाला लोंबता धागा! शिवणकाम जाणणाऱ्या कुणीही कात्री मागितली असती. त्यांनी दोन बोटांत धरून, माझ्यासारखाच राजेशाही थाटात, ओढला.

मेण लावलेला धागा सर्रकन निघाला. भिकाऱ्याचा राजा करताना वरचा अंगरखा एका ओढीत उतरावा, म्हणून बाई आम्हाला जो कच्चा टाका घालून द्यायची, तोच हा. पट्टी गळून अध्यक्षांच्या बुटांवर पडली. मागे उरलं नुसतं दार, एकही टाका न हललेलं.

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष लाल. "बाई, हे... हे आत्ताच्या आत्ता शिवून द्या!"

"डोळे गेले हो माझे," बाई म्हणाली. "सुईचं भोक दिसत नाही, तिथे तुमचं नाव कुठून दिसणार?"

एवढ्यात मागच्या बाकांवरच्या एक आजीबाई काठी टेकत पुढे आल्या. अध्यक्षांना वळसा घालून त्यांनी त्या फटीवर हात ठेवला आणि हळूच दाबला, दार ढकलावं तसा. त्यानंतर नावाचा विषय पुन्हा काढायची अध्यक्षांची काय बिशाद!

परवा तिच्या खोलीत गेलो, तर टेबलावर नवी टाचण्यांची उशी. कापूस ठासून भरलेली, वर सोनेरी अक्षरं.

भावजय कुरकुरत होती, "वन्सं, अहो, माणसाचं नाव आहे त्यावर!"

बाईने चाचपत जागा शोधली, बरोबर 'सौजन्याने'च्या मधोमध, आणि टाचणी मुळापर्यंत खुपसली.

"हं," ती म्हणाली.