आमच्या चौकात गाडी थांबली

मित्रांनो, आज सकाळी कवठे महांकाळच्या चौकात घडलेलं सांगतो. गाडी माझी मुलगी चालवत होती. लायसन्स नुकतंच मिळालंय.

चौकात नवे पांढरे पट्टे मारलेत. तिथं पायी माणूस दिसला की गाडीने थांबायचं, असा आता नियम आहे. कडेला एक म्हातारे मेंढपाळ ताटकळत उभे होते. पोरीने गाडी थांबवली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही, पण ती हलली नाही.

म्हाताऱ्यांना वाटलं, गाडी बंद पडली. काठी बगलेत धरून ते मागे गेले आणि चक्क ढकलायला लागले!

"दुसरा गिअर टाक गं पोरी, मी हाय मागं!"

पोरीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आवं आजोबा, गाडी चांगली हाय. तुमच्यासाठी थांबलीय. जावा तुमी आदी."

"माज्यासाठी?"

ट्रकवाल्यालाही हसू आलं. हॉर्न थांबला.

म्हाताऱ्यांनी पिशवीतला भंडारा पोरीच्या कपाळाला लावला. मग पट्ट्यांच्या अगदी मधून, देवळाच्या पायऱ्या उतराव्यात तसे सावकाश पलीकडे गेले.

तुमच्या गावात पायी माणसासाठी पहिल्यांदा गाडी कोणी थांबवली? आमच्याकडे माझ्या लेकीने थांबवली. एवढं मात्र मी मिरवणार.