विहीणबाईंची टाळी

ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर भागात, बाड्याच्या चौकापासून फूलबागेपर्यंत, छप्पर असलेली अशी एकही जागा उरलेली नसेल जिथे आमच्या विहीणबाईंनी टाळी वाजवून पाहिली नाही. माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की आधी चपला काढतात, मग नमस्कार करतात, मग पंखा जरा मोठा करा म्हणतात. विहीणबाई उंबरठ्यावर थांबतात, मान तिरकी करतात आणि एकच टाळी वाजवतात. कोरडी, टणक. मग डोळे मिटून ती पार विरेपर्यंत ऐकत राहतात. तोवर घरच्यांनी काय करायचं, उभं राहायचं की बसायचं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या आई. इथल्याच एका कॉलेजात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं आणि स्वतः अभ्यास केला तो आवाजाच्या गणिताचा. कुठल्या खोलीत आवाज किती घुमेल, भिंती किती परत धाडतील, माणसं किती पिऊन टाकतील, असलं सगळं. मी शाळेत इतिहास शिकवलेली बाई. भिंतीला कान असतात एवढंच मला ठाऊक होतं.

मुलीचं लग्न ठरवायला आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हाही हेच. बैठकीच्या दारात टाळी वाजली आणि आमचे हे दचकून उठले, त्यांना वाटलं पाहुण्यांना डास चावला. विहीणबाई डोळे उघडून म्हणाल्या, "छान खोली आहे. इथे माझ्या मुलीचं बोलणं ऐकू जाईल."

मी म्हटलं, "अहो, खोलीचं राहू द्या, माणसं ऐकणारी आहेत का ते नाही विचारायचं?"

"ते तर तुम्ही सांगालच ना," त्या म्हणाल्या आणि चिवड्याची बशी पुढे ओढली. लग्न तिथेच ठरलं म्हणा ना.

त्यांच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे शिक्षाच. साडीच्या दुकानात टाळी वाजवून त्या सांगणार, "इथे कापड सगळं गिळतं, म्हणून हे लोक इतके ओरडतात." दातांच्या डॉक्टरांकडे, बँकेत, लिफ्टमध्येसुद्धा टाळी. रेल्वेच्या पुलाखालून ऑटो गेला की ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावायचा आणि समाधान झालं नाही तर ऑटो वळवून पुन्हा पुलाखालून न्यायचा. आमच्या गल्लीतला ऑटोवाला आता पूल आला की आपणहून विचारतो, "माताजी, बजाऊँ?" एकदा तर कहर झाला. एका ओळखीच्यांकडे आजोबा वारले म्हणून आम्ही समाचाराला गेलो होतो. आजोबांचा पलंग, कपाट सगळं हलवलेलं, आणि या बाईंनी दारातच टाळी वाजवली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण विहीणबाईंचे डोळे भरून आले होते. त्या घरच्या सूनबाईंना म्हणाल्या, "किती मोकळी झाली हो खोली." आणि ती पोरगी, जी सकाळपासून कोरडी बसली होती म्हणे, त्यांच्या गळ्यात पडून रडली.

तर अशा विहीणबाईंच्या नावावर एक सूत्र आहे. सभागृह किती मोठं, भिंती कसल्या, माणसं किती बसणार, त्यांच्या अंगावर कपडे काय, हे सगळं त्यात घातलं की तिथे आवाज किती वेळ घुमेल हे आधीच सांगता येतं. या सूत्रावर त्यांनी उभी उमेद घातली. त्यांच्या विद्यार्थ्यांत ते त्यांच्याच नावाने चालतं आणि आमच्या घरात त्याचा मान जावयाच्या खालोखाल आहे. गेल्या थंडीत आवाजाच्या गणिताची कार्यशाळा ग्वाल्हेरला भरायची ठरली, तरुण संशोधकांच्या शोधनिबंधांना बक्षीस ठरलं आणि परीक्षकांच्या प्रमुख अर्थातच विहीणबाई. आलेल्या निबंधांत एक किला गेट भागातल्या ऋजुताचा होता. ही मुलगी बोलायला इतकी हळू की चहा हवा म्हणाली तरी दोनदा विचारावं लागायचं. आणि तिने लिहिलं काय, तर घुमटाच्या छताखाली विहीणबाईंचं सूत्र चुकतं!

झालं. विहीणबाई आमच्याकडे येऊन बसायच्या आणि निबंधाची पानं उलटायच्या. "चूक आहे. पण कुठे, ते सापडून नाही राहिलं." मला त्या मुलीची काळजी. तिचं मुदतीचं काम संपत आलं होतं. बक्षीस मिळालं तर पुढची जागा मिळण्यासारखी होती, नाहीतर कोचिंगमध्ये अकरावीच्या पोरांना शिकवणं ठरलेलं. मी स्पष्टच म्हटलं, "विहीणबाई, हा कुठला न्याय? खटला तुमच्यावर आणि न्यायाधीशही तुम्हीच."

"म्हणून तर मी निकाल देतच नाही," त्या म्हणाल्या. "सभागृह देईल."

आणि त्यांनी हट्टाने कार्यशाळेसाठी फूलबागेकडचं एक जुनं घुमटाचं सभागृह घेतलं. मी बघायला गेले होते. रिकाम्या सभागृहात त्यांनी टाळी वाजवली तर ती चार मैत्रिणी घेऊन परत आली. मी म्हटलं, "इथे कोणाचं काय ऐकू येणार?" तर म्हणे, रिकाम्यात घुमणारच, माणसं भरली की सगळं शांत होईल, सूत्र तसं सांगतं. माणसं कमी पडू नयेत म्हणून आमचं अख्खं भजनी मंडळ बोलावलं. वर सक्त ताकीद, "शाली लोकरी आणा. रेशमी शालींचा मला काही उपयोग नाही."

आम्ही बायका लोकरी शाली लपेटून गणित ऐकायला बसलो. सभागृह खचाखच भरलं होतं. उद्घाटनाच्या भाषणात कोणालाच काही कळलं नाही, पण उद्घाटनाच्या भाषणात ते कोणाच्या ध्यानात येत नाही. मग निबंध सुरू झाले. दणकट आवाजाची मुलं कशीबशी निभावून गेली. ऋजुता उभी राहिली आणि तिचं एक वाक्य संपायच्या आत आधीचं वाक्य वरून तिच्याच अंगावर येऊ लागलं. माइक मोठा केला तर आणखी गोंधळ. पोरगी रडकुंडीला आली. बाहेरगावचे एक परीक्षक वैतागून म्हणाले, "मैडम, कुछ सुनाई ही नहीं दिया, नंबर किस बात के दें?"

विहीणबाई जागच्या उठल्या. मंचावर जाऊन त्यांनी एक टाळी वाजवली. सगळे चूप. ती टाळी वर गेली आणि घुमटात फिरत राहिली, फिरत राहिली. आम्ही सगळ्या माना वर करून बघत होतो, जसं काही ती दिसणारच होती. पार विरल्यावर विहीणबाई एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मुझे इसका एक भी शब्द समझ में नहीं आया."

ऋजुताने मान खाली घातली.

"इसीलिए," त्या म्हणाल्या, "यह सही है."

मग त्यांनी समजावून सांगितलं, इतकं सोपं की मलाही कळलं. माणसं, शाली सगळं खाली. आवाज वरच्या वर घुमटात फिरतो, खाली येईल तेव्हा कोणी पिणार ना! त्यांच्या सूत्राने धरलं होतं की आवाज सगळीकडे सारखा पसरतो. नाही पसरत. मुलीने नेमकं हेच लिहिलं होतं. बक्षीस ऋजुताला मिळालं. ती धावत आली आणि म्हणाली, "मॅडम, सॉरी... म्हणजे मला ना, अच्छा नहीं लग रहा."

"चूक दाखवलीस आणि सॉरी कसली गं?" विहीणबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आणि जरा मोठ्याने बोलायला शीक."

परतताना आम्ही ऑटो केला. पूल आला. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. "माताजी, बजाऊँ?"

"आज नहीं, भैया."

मला फार वाईट वाटलं. चहा घेऊन जा म्हणून मी त्यांना घरी आणलं. उंबरठ्यावर त्या थांबल्या नाहीत, सरळ आत येऊन बसल्या, चारचौघींसारख्या. ते मला बघवेना. मी दारात गेले, मान तिरकी केली आणि वाजवली एक टाळी. आरतीतलीच ती, फुसकी. विहीणबाईंनी सवयीने डोळे मिटले.

"काय म्हणते खोली?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "जुन्या हिशेबाने सांगू की नव्या?"

"नव्यानेच सांगा."

"मग थोडं थांबावं लागेल, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "उद्या ऋजुताकडे शिकायला जाणार आहे."