तुटक रेघेची चौकट

शिवप्पा आबांना टोळीतून मी काढलं. तसं कुणी म्हणत नाही. अण्णा म्हणतात, म्हातारं आपल्या मनानं गेलं. आई म्हणते, वय झालं होतं. पण कागद माझ्या हातात होता आणि आवाजही माझाच होता, तेव्हा माझी समजूत कुणी घालू नये.

अण्णा म्हणजे माझे वडील, शिवमूर्ती. अर्धापूरच्या भागात केळी काढणाऱ्या टोळीचे मुकादम. व्यापाऱ्याचा फोन आला की टोळीची चौदा माणसं पहाटे मळ्यात उतरतात, भरलेले घड कापतात आणि खांद्यावरून बांधावरच्या गाडीत नेऊन रचतात. आबांनी हे काम तीस वर्षं केलं. त्यांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती आणि तो हात कानाच्या वर जात नव्हता.

आमच्या टोळीची एक रीत होती. खांदा गेला म्हणून माणसाला घरी बसवत नसत, त्याच्या हातात चुन्याची डबी देत. तो सगळ्यांच्या पुढं मळ्यात शिरायचा, केळाच्या कडा गोल झाल्यात का ते बघायचा आणि घड भरला असेल त्या झाडाच्या खोडाला चुन्याचं बोट लावायचा. मागचे लोक ते बोट बघून कोयता मारायचे. बोटं लावून झाली की तो बांधावर बसायला मोकळा. डबी कधी खाली ठेवायची, ते मात्र डबीवाल्यानंच ठरवायचं. त्यात मुकादमानंही तोंड घालायचं नाही. आता ती डबी आबांकडं होती.

मला शिकू द्या, हे अण्णांना सांगितलं ते आबांनीच. मी बी.कॉम. झाले तेव्हा घरात स्थळांची रांग लागली होती.

"शिवमूर्ती, लगीन काय पळून चाललंय का?" आबा म्हणाले. "शिकू दे पोरीला. आपल्या टोळीत एक तरी शिकलेलं नको का?"

त्यांनी मला टोळीतच धरलं होतं.

मी नांदेडला एम.बी.ए.ला लागले. रोज एस.टी.नं जायचं, यायचं. स्टँडवर आबा भेटले की विचारायचे, "काय शिकून राहिलीस, माय?"

"माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, ते."

"त्याला दोन वर्षं लागतेत? चहा वेळेवर द्यायचा."

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त मीच हसले.

पहिल्याच सत्रात व्यवस्थापन आणि संघटनेची मूलतत्त्वं असा पेपर होता. राघवेंद्र सर शिकवायचे आणि फार छान शिकवायचे, उगाच त्यांच्या माथी खापर फोडणार नाही. ते म्हणाले, "संघटना म्हणजे इमारत आणि पाटी नव्हे. कोण काय करतं आणि कोण कुणाला उत्तर देतं, ती संघटना. तुमच्या जवळची एखादी निवडा. तिचा तक्ता काढा, कामाचा वेळ मोजा, सुधारणा सुचवा. आणि नावं लिहू नका, पदं लिहा. नाव आलं की माया आडवी येते."

मी अण्णांची टोळी निवडली. तीन दिवस बांधावर बसून मोबाइलवर प्रत्येकाचा वेळ मोजला. आबांना वाटलं, पोरगी आपल्या कामाची नोंद करून राहिली. तिन्ही दिवस ते धुतलेला फेटा बांधून आले. एकेका घडाला दोनदा हात लावून बघायचे आणि माझ्याकडं वळून म्हणायचे, "नीट लिही बरं का, माय."

मी नीट लिहिलं. खूण करणारा कामगार, प्रत्यक्ष काम पन्नास मिनिटं, बाकी साडेपाच तास बसून. तक्त्यात सगळ्यात वर मुकादम, त्याखाली कापणारे, वाहणारे, गाडी रचणारे. आबांची चौकट कुठंच बसेना. शेवटी ती मी बाजूला काढली, तुटक रेघेनं. खाली टीप लिहिली : हे पद अनावश्यक आहे, खूण करण्याचं काम कापणाऱ्याकडेच द्यावं.

सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. लातूरच्या एका स्पर्धेत त्या अहवालाला पहिला नंबर मिळाला. अण्णांना आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खायला टोळी बांधावर बसली होती, तिथं ते पेढे घेऊन आले आणि मला म्हणाले, "वाच, सगळ्यांला ऐकू दे."

मी दीडशहाणी. मला वाटलं, यात नाव कुठं कुणाचं आहे, नुसती पदं तर आहेत. अहो, सगळ्या टोळीत चुना लावणारा माणूस एकच. ते पान जवळ आलं तेव्हा माझ्या ध्यानात आलंही होतं. उलटून पुढं जाता आलं असतं. पण चौदा माणसं घास हातात धरून ऐकत होती आणि मला माझाच आवाज गोड लागत होता. मी वाचत गेले.

वाचून झालं तरी कुणी पेढ्याला हात लावेना. आबांनी मला जवळ बोलावलं.

"ह्याच्यात मी कुठं हाय, दाव."

मी बोट ठेवलं.

"ही रेघ अशी तुटक का?"

"म्हणजे... तुम्ही बाजूला आहात, आबा. साखळीत नाही."

त्यांनी त्या चौकटीवर आपलं बोट टेकवलं. कागदावर चुना उमटला. मग म्हणाले, "बराबर लिवलंस." आणि एक पेढा उचलून तोंडात टाकला.

सकाळी आमच्या उंबऱ्यावर डबी होती. चुना ताजा भरलेला, झाकण घट्ट लावलेलं.

अण्णा दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. आबांचं उत्तर एकच : "शिकलेल्या पोरीनं तीन दिवस बसून लिवलंय, शिवमूर्ती. आपल्यापेक्षा तिला जास्त कळतंय. म्हणून तर शिकवलं." मग मी गेले. म्हटलं, आबा, तो नुसता अभ्यास होता, परीक्षेपुरता. ते म्हणाले, "मग खोटं होतं का?" मला हो म्हणवेना. पंधरा दिवसांनी ते मुदखेडला लेकीकडं, नागम्माकडं निघून गेले.

आता कुणाला वाटेल, आबा गेले आणि टोळीची घडी विस्कटली. तसं काही झालं नाही. कापणारे आपापले घड ओळखतात. गाडी पूर्वीसारखीच भरते, उलट अर्धा तास लवकर भरते. माझा अहवाल बरोबर होता. तो चुकला असता तर त्यांचे पाय धरून परत आणायला मला तोंड तरी राहिलं असतं.

एम.बी.ए.चा निकाल लागला तशी मी मुदखेडला गेले. नागम्मानं दारातच हळू आवाजात सांगितलं, "पहाटं चारला उठतेत. फेटा बांधून दारात बसतेत. उजाडलं की आत येऊन पडतेत." आत आबा बाजेवर बसले होते, निम्मे झालेले. पास झाल्याचं ऐकून त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जरा वेळानं म्हणाले, "टोळीचं बरं हाय ना? माझ्यावाचून कुठं अडतं का गं?"

"लई अडतंय, आबा," मी म्हटलं. "कच्चे घड कापले जातेत. व्यापारी अण्णांना बोलून गेला."



"कागदात खरं लिवलंस, माय," ते म्हणाले. "आता कशाला खोटं बोलून राहिलीस?"

आषाढात ते गेले. डबी अण्णांनी अजून कुणाला दिलेली नाही. ती आमच्या कोनाड्यात आहे आणि आतला चुना दगड झालाय. दयानंद म्हणून टोळीत एक जण आहे, बावीस वर्षं घड वाहतो. परवा मळ्यात गेले तेव्हा तो बांधाआड बसून खांद्याला तेल चोळत होता. मला बघितलं आणि त्यानं घाईघाईनं सदरा ओढून घेतला.